घरात येतं काय, घराबाहेर जातं काय

[दृश्य : गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातलं खाजन. ओहोटीची वेळ. बांधातली लाकडी दारं.]

ही मानस. खाजन म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून राखलेली सखल शेतजमीन, आणि तिच्या बांधात बसवलेली ही लाकडी दारं. भरती चढू लागली की नदीचं खारं पाणी बाहेरून रेटा देतं आणि दारं आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा रेटा भारी पडतो, दारं उघडतात आणि शेतातलं जादा पाणी नदीला मिळतं. ना वीज, ना मोटर. मांडवी आणि जुवारीच्या काठची भातशेती शेकडो वर्षं अशा दारांच्या भरवशावर पिकली. बांध घालायचे आणि दरवर्षी डागडुजी करायची, हे काम गावकारीनं, म्हणजे गावाच्या जुन्या सामायिक संस्थेनं सांभाळलं, म्हणून ती टिकली.

जरा जवळून बघा. फळी आणि चौकटीच्या मध्ये पाण्याची एक बाटली अडकली आहे. तिच्यावर शाम्पूच्या पुड्या, आणि नारळाच्या सोडणाला गुंडाळलेली एक काळी पिशवी. दार पुरतं मिटत नाही. बोटभर फट राहिली तरी भरतीचं पाणी त्या फटीतून आत येत राहतं. खाजनात पेरतात तो कोरगूट भात थोडा खारटपणा सोसतो. पण रोज दोन वेळा भरती येते, आणि सोसण्यालाही मर्यादा असते.

ही पिशवी इथल्या शेतकऱ्याची नव्हे. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम 50-60 किलोमीटरवर. वरच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, गटारात पडलेली पुडी एका जोरदार सरीत ओहोळाला लागते, ओहोळातून नदीला आणि नदीतून इथं. किनाऱ्यावरच्या सफाई मोहिमा आपण खूप पाहिल्या आहेत, त्या हव्याच. पण त्या प्रवासाच्या शेवटच्या टोकाला होतात. आपण सुरुवातीच्या टोकाला जाऊ. एका घरात.

[दृश्य : डिचोली तालुक्यातलं कौलारू घर. पहाट. सायकलचा पों-पों आवाज.]

दिवसाची पहिली खरेदी दारातच होते. पदेर, म्हणजे पाववाला, आला. सायकलच्या मागच्या टोपलीत पोई, उंडे, काकणं असे पाव, वर जाड कापड. फाटकाला कापडी पिशवी अडकवलेली आहे. तो पोई मोजून तिच्यात टाकतो आणि पुढच्या घराकडे वळतो. पाव गरम आहे, वेष्टण काही नाही. दुकानातल्या पावाला मात्र प्लास्टिकची पिशवी असते, कारण तो दोन-तीन दिवस टिकवायचा असतो. पदेराचा पाव सकाळी भाजतात, नाश्त्याला संपतो. पदेर तुमच्या वाड्यावर अजून येत असेल, तर त्याच्याकडून पाव घेत राहा. दुकानातलं पाकीट घरात येणार नाही, आणि एका माणसाचं पोटही चालेल.

मासळी बाजारातही हेच करता येतं. झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन गेलात तर मासेविक्रेती बाई बांगडे त्यातच घालून देते. पहिल्या दिवशी ती बघेल, दुसऱ्या दिवसापासून तीच डबा पुढं करायला सांगेल. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना 31 डिसेंबर 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी बाजारात त्या आजही हातात पडतात. कायदा आपल्या जागी. डबा आपल्या हातात असला की पिशवीचा प्रश्नच येत नाही.

[दृश्य : स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा. परस.]

आता गोव्याच्या घरातला सगळ्यात अवघड कचरा. माशांची खवलं, कल्ले, आतडी, सुंगटांची म्हणजे कोळंबीची सालं. खताबद्दलच्या सल्ल्यांमध्ये सहसा सांगतात की मासळी खतात घालू नका. शहरातल्या बाल्कनीतल्या टोपलीसाठी ते बरोबर आहे. पण ज्याच्या घरी रोज हुमण, म्हणजे माशांची आमटी होते, त्यानं करायचं काय? पिशवीत बांधून रस्त्याकडेला ठेवलं की अर्ध्या तासात कुत्री ती फोडतात.

या घरातल्या थोरल्या जाऊबाई काय करतात बघा. माडाच्या बुंध्यापासून चार हात लांब, हात-दीड हात खोल खड्डा. आजचं आजच आत. वरून दोन पसे सुकी पानं, मग माती, आणि मातीवर एक जड चिरा, कुत्र्यांसाठी. उद्याचा खड्डा शेजारी. असं करत माडाभोवती वळसा पूर्ण होईपर्यंत पहिला खड्डा माती होऊन गेलेला असतो. नत्र मुळांना मिळतं, सुंगटांच्या सालांतला चुना मातीत उतरतो. वास येत नाही, कारण वास उघड्यावर येतो, मातीखाली नाही.

बाकीचा ओला कचरा त्या कोपऱ्यात. जांभ्याचे चिरे सिमेंट न लावता एकावर एक रचून केलेला, कमरेएवढा कप्पा. चिऱ्यांमधल्या फटींतून हवा खेळते, म्हणून मुद्दाम सिमेंट नाही. भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा एक थर, त्याच्या दुप्पट सुक्या पानांचा थर. मिश्रण मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. वास येऊ लागला तर समजायचं की आत हवा कमी पडते आहे, सुकी पानं वाढवायची आणि खालवर करायचं. पावसाळ्यात वर विणलेल्या झावळांचा झाप. तीन-चार महिन्यांनी खालचा चिरा काढला की काळं, भुसभुशीत खत हाताशी येतं.

इथं थोडं थांबायला हवं, कारण सुक्या पानांचा विषय आपल्याकडे फार जिव्हाळ्याचा आहे आणि आपण त्यात फार चुकतो.

[दृश्य : जानेवारीची सकाळ. वाड्यावर धूर.]

थंडी सरता सरता फणस, आंबा, काजू, सगळ्यांची पानं गळतात. सकाळी अंगण झाडायचं, ढीग लावायचा आणि काडी लावायची. अंगण लख्ख दिसतं. थंडीतली जड हवा धूर वर जाऊ देत नाही. तो घराघरांत शिरतो, दम्याच्या माणसाच्या छातीत जाऊन बसतो. त्याच ढिगात बिस्किटाचा कागद असतो, तुटका पाइप असतो. पाइप बहुतेक वेळा पीव्हीसीचा, आणि पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. उरलेली राख आपण भाजीच्या वाफ्यात टाकतो.

आणि जळालं काय? ज्या पानांसाठी झाडानं वर्षभर जमिनीतून अन्न ओढलं, तेच. तीच पानं माडाच्या आळ्यात वीतभर पसरली तर एप्रिल-मेमध्ये ओल टिकते, पाणी कमी वेळा द्यावं लागतं. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या मिश्र बागेत, कुणी पानं जाळत नाही. पोफळीखाली केळ, केळीखाली अननस, पोफळीवर चढलेली मिरी, आणि सगळ्यांच्या पायाशी कुजणारी पानं. फोंडा, सांगे, सत्तरीतली कुळागरं अशीच पिढ्यान् पिढ्या चालली. अंगणातल्या चार झाडांनाही तोच न्याय लावता येतो. मला विचाराल तर गोव्यातल्या प्रत्येक घरानं एवढी एकच गोष्ट केली, पानांना काडी लावणं थांबवलं, तरी पुष्कळ झालं.

[दृश्य : करवंटीची डवली (पळी), हिराची झाडू, सोडणांचा ढीग.]

माडाबद्दल वेगळं सांगायला नको. हिरांची झाडू, झावळांचे झाप, करवंटीची डवली, भांडी घासायला सोडणाचा काथ्या, बंबाखाली सोडणं. प्लास्टिकची हिरवी घासणी झिजते तेव्हा तिचे बारीक कण सांडपाण्याबरोबर जातात. काथ्या झिजतो तेव्हा माती होतो. तांब्या-पितळेला चिंच आणि राख. यातलं काहीही विकत आणायचं नाही. ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी लावलेली महागडी वस्तू घेण्याआधी आपल्या परसात एकदा नजर टाकावी.

[दृश्य : मे महिना. म्हापशाचा बाजार.]

पुरुमेताचे दिवस. सुके बांगडे, सुंगटं, मिरच्यांच्या माळा, कोकमाची सोलं, चिंच, फणसाचे पापड, उकडे तांदूळ, मीठ. पुरुमेत म्हणजे पावसाच्या चार महिन्यांची बेगमी. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण हा पुष्कळ माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत ताज्या माशांचा हट्ट धरला तर बर्फातला मासा लांबून येतो. पुरुमेत भरलेल्या घराला तो हट्ट धरावा लागत नाही. सुक्या सुंगटांची किसमूर, सोलांची कढी, आणि पहिल्या पावसानंतर परसात आपोआप उगवणारा तायखिळा (टाकळा), त्यात फणसाच्या आठळ्या. तेरं (रानअळू) आहे, शेवग्याचा पाला आहे. आपली रोजची भाजी बरीचशी बेळगावाहून घाट उतरून ट्रकनं येते. पावसाळ्यातले दोन-तीन वार तरी परसातल्या भाजीवर काढता येतात, आणि चवीत काही कमी पडत नाही.

सोलांचं आगळ कशात भरलंय पाहिलंत? बिअरच्या जुन्या बाटल्यांत. काचेची बाटली धुतली की पुन्हा नवी.

मीठही बघून घ्या. पेडण्यात आगरवाड्याला अजून मिठागरं आहेत. त्यांचं जाडं मीठ घेतलं तर ती आगरं चालू राहतात.

[दृश्य : चवथ. माटोळी बांधली जात आहे.]

गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट, तिला नारळाची पेंड, सुपारीची शिपटी, केळीचा घड, तोरिंगण, चिबूड, आंबाडे, कांगलं, घागऱ्या, कवंडळं. श्रावण-भाद्रपदात डोंगरात आणि परसात जे पिकतं ते सगळं देवाच्या डोक्यावर. सजावटीचा यापेक्षा सुंदर प्रकार मी कुठं पाहिला नाही. विसर्जनानंतर यातलं निम्मं खाल्लं जातं, उरलेलं मातीत जातं. तरी माटोळीशेजारी थर्माकोलचा महाल का लागावा?

एक काळजी मात्र घ्यावी. पूर्वी घरातला माणूस रानात जाऊन आपल्यापुरतं आणायचा. आता रानातली फळं पोत्यांनी बाजारात येतात, कधी वेलच मुळासकट उपटलेला असतो. पाच वस्तू कमी असल्या तरी माटोळी माटोळीच असते. परसात लावता येतील ती झाडं लावावी आणि दुर्मीळ वेल रानातच राहू द्यावे.

मूर्ती चिकणमातीची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली आहे. घेताना खात्री करायची तर मूर्तिकाराच्या चित्रशाळेत जावं, माती मळली जाताना दिसते.

आणि जेवणावळी. केळीचं पान, पत्रावळ, नाहीतर देवळातली किंवा मंडळाची स्टीलची ताटं. कागदी कप चालतो असं आपण धरून चालतो, पण त्याच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो मातीत नीट मिसळत नाही. जत्रेच्या स्वयंसेवकांनी स्टीलचे पेले धुण्याची जबाबदारी वाटून घेतली तर एका रात्रीत हजारो कप वाचतात. दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळल्यावर उरलेले लोखंडी सांगाडे रस्त्याकडेला पडून राहतात, तेही मंडळांनीच उचलायचे. पुढच्या वर्षी तोच सांगाडा वापरता येतो.

[दृश्य : सुका कचरा. दोरीवर वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या.]

एवढं करूनही काही उरतंच. दुधाची पिशवी, चिप्सचं पाकीट, औषधाची पट्टी. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला. तिथं ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज होते. सुक्यातलं विकता येण्यासारखं वेगळं काढतात, आणि ज्याचं काहीच होत नाही त्या प्लास्टिकचे गठ्ठे कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत जळण म्हणून जातात. आमटीनं माखलेलं पाकीट कुणी हातानं वेगळं करत असतं, हे लक्षात ठेवा. अर्धा तांब्या पाण्यानं विसळून दोरीवर टाकलं की त्या माणसाचं काम माणसासारखं होतं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळं द्यावं.

पाणी, वीज, वाहन यांवर वेगळी फिल्म होईल. इथं दोनच गोष्टी. छपराच्या पागोळ्यांचं पाणी गटारात सोडण्याऐवजी विहिरीजवळच्या दगड-रेतीच्या खड्ड्यात सोडावं. जांभ्यातून पाणी झरझर खाली जातं, ते आपल्याच विहिरीच्या आसपास मुरावं. आणि छपरावर ऊन येत असेल तर प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या सौर संचाला 78 हजार रुपयांचं अनुदान आहे, त्याची चौकशी करावी.

[दृश्य : रविवार. पंचायत घर. ग्रामसभा.]

घरात होण्यासारखं ते घरात झालं. पुढचं इथं. बऱ्याच गावांत सुका कचरा उचलण्याचा वार ठरलेला असतो, पण तो निम्म्या घरांना माहीत नसतो, आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना तर कुणी सांगतच नाही. येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा : सुका कचरा कोणत्या वारी उचलतात, तो ठेवायची शेड कुठं आहे, आणि वार चुकला तर फोन कुणाला करायचा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि त्याचा कागद वाड्यावरच्या दुकानात, भाडेकरूंना वाचता येईल अशा भाषेतही, चिकटवा.