उतारवयात ऑनलाइन सोबत शोधताना: फुकट म्हणजे नेमकं काय फुकट?

मंडळी, या व्याख्यानाची सूचना लागली आणि दोन प्रश्न कानावर आले. एक, ‘या वयात हे काय नवीन?’ आणि दुसरा, जरा हळू आवाजात, ‘पैसे न भरता होतं का हो?’ पहिल्याचं उत्तर मी देणार नाही. साठीनंतर कुणाला सोबत हवीशी वाटली तर त्याचा खुलासा त्यानं कुणाला आणि का द्यायचा? दुसरा प्रश्न मात्र कामाचा आहे. होतं. फक्त फुकट काय आहे ते आधी नीट बघावं लागतं.

मॅच डॉट कॉम हे ऑनलाइन जोडीदार शोधायचं संकेतस्थळ १९९५ साली सुरू झालं. तेव्हापासून या धंद्यातल्यांना एक गोष्ट पक्की उमगली आहे: नाव नोंदवताना माणूस खिशात हात घालत नाही, उत्सुकता चाळवली की घालतो. म्हणून नोंदणी फुकट, फोटो चढवणं फुकट, इतरांचे फोटो चाळणंही फुकट. मग एके दिवशी ईमेल येतो, ‘तुम्हाला कुणीतरी मेसेज पाठवलाय.’ तुम्ही चष्मा पुसून उघडता, तर फोटो धूसर, नाव झाकलेलं आणि खाली ठळक बटण: ‘वाचण्यासाठी सदस्य व्हा.’ ते दाबलं की एक महिना, तीन महिने, सहा महिने असे दर समोर येतात. सहा महिन्यांचा दर बहुतेक वेळा महिन्याच्या हिशेबानं मोठ्या अक्षरात दाखवतात. खात्यातून रक्कम मात्र एकदम जाते.

अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगानं २०१९ मध्ये मॅच ग्रुपवर, म्हणजे मॅच डॉट कॉम चालवणाऱ्या कंपनीवर, खटला भरला, त्यात हाही एक मुद्दा होता. आयोगाचा आरोप असा, की जी खाती बनावट असल्याचा कंपनीलाच संशय होता, त्यांच्याकडून आलेल्या निरोपांचे ईमेलही पैसे न भरणाऱ्या सदस्यांना जात होते, आणि ते वाचायच्या ओढीनं लोक सदस्य होत होते. कंपनीनं हे नाकारलं. खटल्यातले काही मुद्दे न्यायालयात टिकले नाहीत. उरलेलं प्रकरण २०२५ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर भरून मिटलं.

तेव्हा कुठल्याही ॲपला एकच प्रश्न विचारा: आलेला मेसेज मला पैसे न भरता वाचता येतो का, आणि उत्तर देता येतं का?

या कसोटीवर फेसबुक डेटिंग सरळ उतरतं. जिथे ते सुरू आहे तिथे त्याला फी नाही. फेसबुकच्याच ॲपमध्ये असतं, पण प्रोफाइल वेगळं, आणि तुमच्या मित्रयादीतल्यांची स्थळं ते आपणहून सुचवत नाही. शेजाऱ्यांना कळेल ही धास्ती त्यामुळे बरीच कमी होते, पूर्ण जात नाही. ओकेक्युपिड, बंबल यांतही दोघांनी एकमेकांना पसंत केलं की गप्पा फुकट. ‘मला कोणी पसंत केलं’ ही यादी बघायची तर पैसे.

आता जरा उलटं वाटेल असं सांगते. ‘फक्त पन्नाशीपुढच्यांसाठी’ अशी पाटी लावलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ अवरटाइम किंवा सिल्वरसिंगल्सवर, बिनपैशाच्या सदस्याचे हात जास्त बांधलेले असतात. माझं मत विचाराल तर साधं, सगळ्यांसाठीचं ॲप घ्या आणि सेटिंगमध्ये वयाची मर्यादा ५८ ते ७२ अशी हवी ती लावा. त्याला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत आणि माणसंही जास्त भेटतात. आणि पाच ठिकाणी नाव घातलं म्हणजे पाच वेगळ्या घरी गेलो असं समजू नका. टिंडर, हिंज, ओकेक्युपिड, प्लेंटी ऑफ फिश, ही सगळी मॅच ग्रुपचीच. त्यातल्या टिंडरनं २०१५ मध्ये सशुल्क सेवा काढली, तेव्हा अमेरिकेत तिशीच्या आतल्यांना साधारण १० डॉलर आणि तिशी ओलांडलेल्यांना २० डॉलर लावले होते. तिशी! आपल्याला काय लावलं असतं कोण जाणे. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं २०१८ मध्ये हा भेदभाव ठरवला.

पण फीमध्ये जातात ते पैसे किरकोळ. खरे जातात ते इथे. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत सुमारे ७० हजार लोकांनी प्रेमाच्या नावाखाली फसल्याची तक्रार नोंदवली, एकूण नुकसान १३० कोटी डॉलर. यात कुणी बावळट नव्हतं. समोरचा माणूस रोज वेळ देत होता, आणि एकट्या माणसाला तेच हवं असतं. नमुना बहुधा ठरलेला. परदेशात नेमणूक असलेला सैनिक, किंवा तेलविहिरीवरचा इंजिनिअर. जोडीदार गेलेला. दुसऱ्याच दिवशी, ‘या ॲपवर मी फारसा नसतो, व्हॉट्सॲपवर बोलू या.’ रोज सकाळी, ‘जेवलीस का? काळजी घे.’ व्हिडिओ कॉलचं नाव काढलं की कॅमेरा बिघडलेला. दीड महिन्यानं अपघात, अडकलेलं पार्सल, किंवा क्रिप्टो नावाच्या डिजिटल चलनात ‘आपल्या दोघांसाठी’ गुंतवणूक.

यावर दोन फुकटचे उपाय. समोरच्याचा फोटो गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये टाका, तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते ही साधनं शोधून देतात. तोच चेहरा दुसऱ्या नावानं कुठे सापडला तर तिथेच थांबा. आणि पहिल्या आठवड्यातच ॲपमधूनच व्हिडिओ कॉल मागा. आजकाल चेहरासुद्धा बनावट उभा करता येतो, म्हणून कॉल नीट झाला तरी न भेटलेल्या माणसाला पैसे द्यायचे नाहीत. कर्ज म्हणून नाही, गिफ्ट कार्ड म्हणून नाही.

ज्यांनी हौसेनं महिनाभराचे पैसे भरले आहेत त्यांच्यासाठी: फोनवरून ॲप काढून टाकलं की वर्गणी बंद होत नाही. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून घेतली असेल तर तिथल्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन ती रद्द करावी लागते, मग ॲपमध्ये खातं डिलीट करायचं, आणि ॲप काढायचं ते सगळ्यात शेवटी. हा क्रम लिहून घ्या.

मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘मुलांना सांगायचं का?’ सगळं सांगायची गरज नाही. पण पहिल्यांदा भेटायला जाल तेव्हा कुठे, कुणाला आणि किती वाजता हे एका माणसाला ठाऊक असू द्या. ते मुलगा-सूनच असायला हवेत असं नाही, मैत्रीणही चालेल.