हेल्मेट, पट्टा आणि पुणे

स्वारगेटच्या जेधे चौकात सकाळच्या गर्दीत सिग्नलला थांबलेल्या दुचाकींवरून कॅमेरा फिरवला, की हेल्मेट किती ठिकाणी असू शकते हे दिसते. काहींच्या ते डोक्यावर असते, काहींनी कोपरात अडकवलेले असते, काहींचे आरशावर टांगलेले असते, तर एखादे स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत डब्याच्या पिशवीशेजारी पडलेले असते. पुढच्या चौकात मामा उभे आहेत असे दिसताच कोपरातले हेल्मेट डोक्यावर चढते. त्याचा पट्टा मात्र हनुवटीखाली तसाच लोंबत राहतो.

पुण्यात 'हेल्मेटसक्ती लागू' असा मथळा अनेकदा छापून आला, परंतु त्यामागे बहुतेक वेळा नवा कायदा नव्हता, जुन्याच कायद्याची नव्याने सुरू झालेली अंमलबजावणी होती. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे आणि त्यातील कलम १२९ नुसार दुचाकी चालवणाऱ्याला तसेच मागे बसणाऱ्याला हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट दिलेली आहे. याच कलमात हेल्मेट कशाला म्हणावे हेही सांगितले आहे: अपघातात इजेपासून काही प्रमाणात तरी बचाव होईल अशी त्याची बनावट हवी आणि ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले हवे. म्हणजे जेधे चौकात घाईघाईने चढवलेली ती वस्तू कायद्याच्या व्याख्येत हेल्मेट ठरतच नाही.

या कलमाशी पुण्याचे भांडण जुने आहे. २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असे जाहीर केले, तेव्हा पंपचालकांसह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय टिकला नाही. १ जानेवारी २०१९ पासून पोलीस आयुक्त के. व्यंकटेशम यांनी शहरात कडक कारवाई सुरू केली, त्या वेळी हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली आणि हेल्मेट न घालता दुचाकी मोर्चे निघाले. त्याच वर्षी जूनमध्ये शहरातील आमदारांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भेट घेतली, त्यानंतर रस्त्यात अडवून होणारी कारवाई थांबली आणि सीसीटीव्हीच्या आधारे दंड आकारण्यावर भर राहिला. एप्रिल २०२२ पासून जिल्हाधिकाऱ्यांनी सरकारी कर्मचाऱ्यांना हेल्मेट सक्तीचे केले. २०२४ च्या अखेरीस मागे बसणाऱ्यांवरही स्वतंत्र कारवाई करावी, अशा सूचना राज्यातील वाहतूक पोलिसांना मिळाल्या. या साऱ्या काळात चर्चा झाली ती सक्ती करण्याचा अधिकार कोणाचा याची. पडल्यावर डोक्याचे नेमके काय होते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा असा, की महामार्गावर हेल्मेट जरूर असावे, परंतु लक्ष्मी रस्त्यावर जिथे गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही, तिथे त्याची गरज काय? हा मुद्दा ऐकायला पटतो, पण तो तपासून पाहायला हवा. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते आणि तेवढ्या उंचीवरून पडणारी कोणतीही वस्तू ताशी सुमारे १९ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. गाडीचा वेग शून्य असला तरी हा वेग असतोच. उघडे डोके डांबरावर थांबते ते जेमतेम काही मिलिमीटरमध्ये. आत असलेला मेंदू मात्र पुढे सरकत राहतो आणि कवटीवर आतून आपटतो.

आता मधोमध कापलेले एखादे हेल्मेट डोळ्यांसमोर आणा. बाहेरचे टणक कवच आपल्या नजरेत भरते, परंतु मुख्य काम करतो तो त्याच्या आतला, दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा, थर्मोकोलसारखा थर. आघात होताच तो चिरडतो आणि डोक्याला थांबायला अधिक अंतर मिळते. हे अंतर दहापट झाले, तर डोक्यावर येणारे सरासरी बल सुमारे एक दशांश होते. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून चकचकीत दिसले तरी बाद समजावे. जगभरातील अभ्यासांच्या २००८ मधील एका एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते.

शिवाय पुण्यात महामार्ग आणि शहर यांच्यातील सीमारेषा आता राहिलेली नाही. नऱ्हे किंवा धायरीत राहणारा आणि हिंजवडीत नोकरी करणारा माणूस रोज बाह्यवळण महामार्गावरूनच जातो आणि कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या त्या कुप्रसिद्ध उतारावरचे अवजड ट्रक त्याच्या शेजारूनच धावतात. खड्ड्यांची तक्रार रास्त आहे आणि ती महापालिकेकडे केलीच पाहिजे. पण खड्ड्यात चाक अडकून पडणाऱ्याला हेल्मेट कमी लागते, असे काही त्यातून सिद्ध होत नाही. मान दुखते, घाम येतो, नीट ऐकू येत नाही, या अडचणीही खोट्या नाहीत. त्यांतल्या निदान काही चुकीच्या मापामुळे येतात. जाता जाता एवढेच, की डोळे तेवढे उघडे ठेवून सारा चेहरा स्कार्फने गुंडाळण्यासाठी या शहरात कोणालाही कधी सक्ती करावी लागलेली नाही.

१ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेली हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे, तरीही पदपथावर टोपीसारखी हलकी हेल्मेट मिळतात आणि ती पावती चुकवण्याइतपत उपयोगी पडतात. सीसीटीव्हीला डोक्यावर काहीतरी आहे एवढे दिसते. आतला थर दिसत नाही. घेताना पट्टा लावून हेल्मेट मागच्या बाजूने वर आणि पुढे ढकलून पाहावे. ते निघून हातात आले, तर ते माप आपले नव्हे.

मुलांच्या बाबतीत ही परीक्षा अधिक कठोरपणे घ्यावी लागते. चार वर्षांवरील मुलाला कायद्याने मोठ्यांप्रमाणेच हेल्मेट बंधनकारक आहे, तर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट, चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम आहे. शाळा भरायच्या वेळी स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्यावर कधी काही नसते, तर कधी आईचे हेल्मेट असते. ते वळणावर फिरते आणि मुलाचे डोळे झाकते, म्हणून मुलासाठी त्याच्या मापाचे वेगळे हेल्मेट घ्यावे आणि डोके वाढेल तसे ते बदलावे.