तुर्भ्याच्या गाळ्यातला टोन

[दृश्य : ठाणे-बेलापूर रस्ता, जुलैतली संध्याकाळ. कंटेनरच्या रांगेमागे एका गाळ्याचं अर्धं उघडं शटर. आतून गिटारचा आवाज.]

नवी मुंबईत तुर्भे एमआयडीसीत संध्याकाळी लेथ थांबतात आणि एखाद्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर ड्रम सुरू होतात. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. औद्योगिक भागात हेच आकडे ७५ आणि ७०. घणसोलीच्या फ्लॅटमध्ये ट्यूब ॲम्प (काचेच्या ट्यूबवर गिटारचा आवाज वाढवणारा डबा) मोकळा सोडता येत नाही, म्हणून बँड इथे येतात.

आणि इथे आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत गिटारवाल्याची तक्रार ठरलेली: घरी काय भारी वाजत होतं, इथे आवाज गेला कुठे?

पेडल, म्हणजे आवाज बदलणारा पायाखालचा डबा, बदलून याचं उत्तर मिळत नाही. टोन, म्हणजे आवाजाचा पोत, शोधायचा तर सुरुवात हातापासून करायची आणि एकेक सांधा तपासत स्पीकरपर्यंत जायचं. वर पाणी गढूळ झालं असेल तर खाली नळ बदलून काय उपयोग?

[दृश्य : अगदी जवळून उजवा हात. पिक तारेला टेकलेली.]

ॲम्प बंद ठेवून वाजवा. फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारची मोकळी तार साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. ब्रिजपासून (तारा जिथे टेकतात त्या खालच्या आधारापासून) चौथ्या हिश्श्यावर, १६२ मिलिमीटरवर छेडली, तर चौथा आणि आठवा उपस्वर (मूळ स्वराच्या चौपट आणि आठपट कंपनांचा) उठतच नाही, कारण नेमका तिथे त्यांचा स्थिरबिंदू असतो. आवाज गोल येतो. हात ब्रिजकडे चार बोटं सरकवला की वरचे उपस्वर जागे होतात आणि तीच तार कडक, धातूसारखी बोलते. खर्च शून्य. तरी हा बदल करायला लोक इक्वलायझर विकत घेतात.

पिकची जाडी ०.६० मिलिमीटर असेल तर तारेआधी पिकच वाकते, आघात मऊ होतो, वर टिकटिक ऐकू येते. एक मिलिमीटरच्या पुढची पिक वाकत नाही. जेवढा जोर तेवढा आवाज. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे जुन्या सिक्सपेन्स नाण्याने वाजवतो. नाण्याची कड दातेरी, ती तारेवर किंचित खरवडते. यूटू बँडचा गिटारवादक द एज पिकची धरायची खडबडीत बाजूच तारेकडे करतो. दोघांची युक्ती एकच: स्वर सुरू व्हायच्या आधी एक बारीकशी खरखर.

डाव्या हाताचं काम सतारवाल्याला समजवावं लागणार नाही. तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) आडवी ओढायची, ती मींडच. पण मींड ज्या स्वरावर पोचायला हवी तिथे पोचलीच पाहिजे. पाव स्वर कमी पडला तर जगातलं कुठलंही ॲम्प ते झाकत नाही, उलट मोठं करून दाखवतं. न वाजणाऱ्या तारा दाबून धरणंही तितकंच महत्त्वाचं. जाड तारा उजव्या तळव्याच्या कडेने, पातळ डाव्या तर्जनीच्या पोटाने. गेन (आवाज फाटेपर्यंत सिग्नल चढवणारं बटण) वाढला की मोकळी राहिलेली प्रत्येक तार मागे गुरगुरत बसते.

[दृश्य : गिटारची मान. आठव्या फ्रेटवर तारेखाली टॉर्चचा उजेड.]

आता पाऊस. खाडीकाठची ही हवा तारांची शत्रू. जाड तारांच्या वेटोळ्यांत घाम आणि गंज साचला की वरचे उपस्वर आधी मरतात, आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा होतो. मग ट्रेबल वाढवला जातो, आणि वाढते फक्त खरखर. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्याने वरून-खालून पुसायच्या, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या.

लाकूडही ओल पितं, मान हलते. पहिली आणि शेवटची फ्रेट एकदम दाबून आठव्या फ्रेटपाशी पाहा. तार आणि फ्रेट यांत साधारण ०.२५ मिलिमीटर फट हवी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली ताण देणारी सळई) एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग तार पुन्हा सुरात लावून पुन्हा मोजायचं. घाईत पूर्ण फेरा दिला की आटे झिजतात किंवा रॉडच जातो, आणि त्यापुढचा खर्च विचारू नका.

पिकअपची, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबक-कॉइलची, उंची हाही फुकटातला टोन आहे. शेवटची फ्रेट दाबून तारेपासून पिकअपच्या चुंबकापर्यंत मोजा: सिंगल कॉइलला जाड तारेखाली सुमारे २.४, पातळ तारेखाली २ मिलिमीटर. जास्त जवळ आणला तर आवाज मोठा होतो, पण चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर स्वर डगमगतो. लोक ट्यूनरला दोष देतात.

सिंगल कॉइलची गुणगुण आपल्याकडे पन्नास हर्ट्झच्या विजेची. तिचा दुसरा उपस्वर १०० हर्ट्झ, म्हणजे ‘जी’ (G) या स्वरापेक्षा जरा चढा. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हमबकर बनवला: दोन कॉइल, उलट दिशेने गुंडाळलेल्या, उलट ध्रुवांच्या. तारेचा नाद दोन्हीत जुळतो आणि गुणगुण परस्पर कटते. सोबत वरचे उपस्वरही थोडे जातात; गिब्सनच्या लेस पॉल गिटारचा जाडसर आवाज बराचसा त्यामुळेच.

[दृश्य : गिटारवर व्हॉल्यूमचं बटण. १० वरून ६ वर.]

हे बटण आवाज कमी करण्यासाठी आहे असं समजणारे शंभरात नव्वद असावेत. ॲम्प आवाज फाटायच्या कडेपर्यंत चढवून ठेवा आणि गिटारवर व्हॉल्यूम ६ करा: ऱ्हिदम स्वच्छ. १० करा: सोलो. दोन पेडल वाचली. फक्त खाली आणताना ट्रेबल गळतो. याला कारण केबल. सहा मीटर केबलमध्ये साधारण ६०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो, तो वरचे उपस्वर जमिनीत सोडतो. म्हणून गिटारपासून पहिल्या पेडलपर्यंतची केबल होईल तितकी आखूड ठेवायची.

फझ (आवाज खरखरीत फाडणारं पेडल) वापरत असाल तर तो सगळ्यात आधी, थेट गिटारनंतर. फझ फेससारख्या जुन्या रचनेला पिकअपचा भार स्वतःला जाणवावा लागतो. मध्ये बफर (पिकअपला पुढच्या पेडलपासून वेगळं करणारं सर्किट) असलेला ट्यूनर लावला की तोच फझ चिरका होतो आणि व्हॉल्यूमचं बटण फिरवून साफ होईनासा होतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ मे महिन्यात पत्र्याखाली वेगळाच वागतो: तापमान वाढलं की ट्रान्झिस्टरमधला गळतीचा प्रवाह वाढतो, बायस (ट्रान्झिस्टरची ठरवलेली कामाची पातळी) सरकतो, स्वर अर्ध्यात तुटतो. पेडल खराब झालेलं नसतं, पंख्यासमोर ठेवा.

डिस्टॉर्शन, म्हणजे हा फाटलेला आवाज, काय असतो, हे तानपुऱ्याच्या जवारीवरून कळतं. दोरा योग्य जागी बसला की एका स्वरातून उपस्वरांचा झोत निघतो. गेन तेच करतो, पण सगळ्या स्वरांची आपापसांत मिसळही करतो. सा आणि प वाजवला तर त्यांच्यातल्या फरकाचा सूर खालच्या सप्तकातला सा निघतो, आवाज अवाढव्य होतो. यात गंधार घातला की फरकाचे सूर एकमेकांशी भांडतात आणि चिखल होतो. रॉकमध्ये पॉवर कॉर्डला (फक्त सा-प च्या जोडीला) तिसरा स्वर का नसतो, ते एवढंच.

गेन लागतो त्यापेक्षा एक घर कमीच ठेवा. ट्यूब स्क्रीमरसारख्या पेडलवर ड्राइव्ह खाली, लेव्हल वर; सुमारे ७२० हर्ट्झच्या आसपासचा उंचवटा ॲम्पच्या पहिल्या ट्यूबला ढकलतो आणि आवाज पुढे येतो.

वेळेची पेडलही मोजून लावतात. द एजचा प्रसिद्ध उसळता डिले (उशिराने येणारा प्रतिध्वनी) हा अर्ध्या ठोक्याच्या दीडपट. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका ५०० मिलिसेकंद, त्याचा पाऊण म्हणजे ३७५. १५ डिसेंबर २०१९ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यूटू वाजले, तेव्हा हे गणित इथल्या अनेकांनी उभं राहून ऐकलं आहे. ड्रमर पळाला की मात्र गणित कोसळतं.

[दृश्य : ॲम्प जमिनीवर. वादक समोर उभा, स्पीकर त्याच्या गुडघ्यांकडे तोंड करून.]

आता ती सुरुवातीची तक्रार. घरी हळू आवाजात कान बास आणि ट्रेबल कमी ऐकतो, म्हणून आपण दोन्ही वाढवतो आणि मिड (मधले सूर) खाली ओढतो. एकट्याला छान वाटतं. गाळ्यात आवाज वाढला की तेच बास-ट्रेबल उधळतात, खाली बेस गिटार आणि वर झांजा जागा व्यापतात, आणि गिटारची स्वतःची जागा, म्हणजे मिड, आपणच काढून टाकलेली असते. मिड ६-७ वर आणा, बास ४ वर. एकट्याने ऐकलं तर कुरूप वाटेल, पण बँडबरोबर बरोबर बसेल.

दुसरं, बारा इंची स्पीकरचा ट्रेबल सरळ रेषेत जातो. जमिनीवरचा ॲम्प गुडघ्यांना वाजवून दाखवतो, वादक ट्रेबल चढवतो आणि समोर बसलेल्याचे कान कापले जातात. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरका टेकवा. माइक असेल तर स्पीकरच्या मधोमध नको; कडेकडे एक इंच सरकवला तरी आवाज बदलतो.

गुणगुण जावी म्हणून अर्थिंगची पिन मात्र कधीही काढायची नाही. त्या गिटारच्या तारा हातात असतात. परदेशातून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प थेट आपल्या २३० वर लावला तर नशीब असेल तरच फक्त फ्यूज उडतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, तोही ॲम्पच्या वॉटेजपेक्षा भरपूर मोठा.

[दृश्य : वादक ॲम्पचा व्हॉल्यूम शून्यावर आणतो, स्टँडबाय बंद, मग मुख्य स्विच. फडकं पहिल्या तारेवरून फिरतं.]

ट्यूब थंड व्हायला दहा मिनिटं द्या, मगच ॲम्प जिन्यावरून उतरवा. गरम ट्यूबची फिलामेंट धक्क्याने तुटते. बाहेर पाऊस थांबलेला नाही. केसवर प्लास्टिकची पिशवी, आणि ठाण्याकडची गाडी तुर्भ्याहून.