केस काढायला कोणत्या त्वचेला कोणता लेझर?

(दृश्य: पांढऱ्या पेन्सिलीने चौकटी आखलेला हात, अगदी जवळून)

या हातावरचे केस आदल्या दिवशीच रेझरने काढले आहेत. कातडीच्या वर केस उरला, तर लेझरची उष्णता तिथेच खर्च होते आणि वरची कातडी पोळते. पण केस मुळासकट उपटूनही चालत नाही. म्हणून महिनाभर आधीपासून वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा, सगळं बंद. कातडीखाली केसाचा काळा दांडा शाबूत लागतो, कारण प्रकाश शोषून घेतं ते त्यातलं मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य.

अडचण एवढीच, की तेच मेलॅनिन कातडीतही असतं. गोऱ्या कातडीत थोडं, आपल्याकडच्या गहूवर्णी-सावळ्या कातडीत बख्खळ. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी एक तत्त्व मांडलं: तरंगलांबी आणि झोताचा वेळ नेमका निवडला, तर आजूबाजूचं न जाळता हवं तेवढंच तापवता येतं. केस काढायचे सगळे लेझर याच तत्त्वावर चालतात.

(दृश्य: मशीनचा पडदा, आकडे बदलताना)

हे आकडे तरंगलांबीचे, आणि प्रत्येक आकडा एका जातीच्या लेझरचा. ७५५ नॅनोमीटर म्हणजे अलेक्झांड्राइट. ८१० च्या आसपास डायोड. १०६४ म्हणजे एनडी याग. आकडा वाढतो तसं मेलॅनिन प्रकाश कमी शोषतं आणि झोत जास्त खोल जातो. गोरी कातडी, काळे पण बारीक केस असतील, तर अलेक्झांड्राइटला तोड नाही. सावळ्या कातडीवर मात्र तोच झोत केसाच्या मुळाशी पोचण्याआधी वरच्या थरात अडकतो. तिथे एनडी याग. दुखतो जास्त, बारीक केसांवर थोडा मंद चालतो, पण कातडी सांभाळतो. डायोड या दोघांच्या मधला. गहूवर्णी कातडी आणि राठ केस असतील तर बहुतेक ठिकाणी तोच वापरतात, आणि वापरणारा जाणकार असेल तर त्यात वावगं काही नाही.

‘सर्व प्रकारच्या त्वचेसाठी’ असं माहितीपत्रकावर छापलेलं असतं. त्यावरून काहीच कळत नाही. तरंगलांबी किती, हे विचारा.

(दृश्य: डॉक्टर दंडाची आतली आणि बाहेरची बाजू शेजारी शेजारी पाहताना)

त्वचेचे सहा प्रकार मोजायची पट्टी थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचातज्ज्ञांची, १९७५ मध्ये सुरू झालेली. पहिला प्रकार सर्वांत गोरा, सहावा सर्वांत गडद. ती नुसता रंग बघत नाही. उन्हात कातडी भाजून लाल होते की काळवंडते, हे विचारते. भारतीय कातडी बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात बसते. पण दंडाची आतली बाजू तिसऱ्यात आणि स्कूटर चालवून रापलेला मनगटाजवळचा भाग पाचव्यात, असंही एकाच हातावर असतं. तेव्हा सेटिंग गडद भागाच्या हिशेबाने ठरतं. ताजं रापलेलं असेल तर सिटिंग पुढे ढकलायचं.

(दृश्य: हँडपीसचं, म्हणजे मशीनच्या हातात धरायच्या भागाचं टोक, जेल, गॉगल चढवलेले दोघे)

आता झोताचा वेळ. कातडीचा वरचा थर तीन ते दहा मिलिसेकंदांत उष्णता सोडून देतो, राठ केसाचं मूळ त्याहून बराच वेळ गरम राहतं. म्हणून सावळ्या कातडीवर झोत लांबवतात, तीस मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त, म्हणजे कातडीला निवायला सवड मिळते. बारीक केस मात्र चटकन गार होतो, त्याला आखूड झोत हवा. सावळी कातडी आणि बारीक लव एकत्र आली, की दोन्ही गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. खरी पंचाईत इथेच आहे. हनुवटीवरचे राठ केस जातात. जबड्याच्या कडेची मऊ लव अर्धवट तापली, तर उलट दाट आणि काळी उगवल्याची उदाहरणं आहेत. ती लव सोडून देणं बरं.

या टोकाला नीलम स्फटिकाची काच आहे, पाच अंशांच्या आसपास थंड केलेली. तिच्यावरचे काळे ठिपके दिसतात? जळलेल्या केसांचा कोळसा आहे. तो पुसला नाही, तर पुढचा झोत त्यालाच तापवतो आणि काचेखालच्या कातडीवर ठिपक्याएवढा चटका बसतो. दर काही शॉटनंतर काच पुसायची, जेल नव्याने लावायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. (गार फवारा मारणारी मशीनही असतात, फवारा जास्त झाला तर त्यानेही सावळ्या कातडीवर डाग पडतो.)

(दृश्य: शॉटनंतरची कातडी)

काही मिनिटांत प्रत्येक मुळाभोवती घामोळ्यासारखा लालसर फुगवटा आला, की शक्ती बरोबर आहे. कातडी राखाडी किंवा पांढुरकी पडली, तर तिथेच थांबायचं. म्हणून पहिल्या दिवशी कानामागे किंवा जबड्याखाली दोन-तीनच शॉट मारून निदान दोन दिवस वाट बघतात. सावळ्या कातडीची प्रतिक्रिया उशिरा उमटते. भाजलं, तर काळे-पांढरे डाग महिनोन्‌महिने राहतात.

(दृश्य: आयपीएलचा, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइटचा दिवा, काचेच्या गाळण्या)

हा लेझरच नव्हे. साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा पसरट प्रकाश, गाळणी लावून वापरलेला. ‘लेझर’ अशी पाटी लावून हाच दिवा चालवणारी ठिकाणं आहेत. गोऱ्या कातडीवर काम होतं, पाचव्या-सहाव्या प्रकारावर नको.

पांढऱ्या केसांत मेलॅनिनच नाही, त्यांना कुठलाच लेझर लागू पडत नाही. त्यांच्यासाठी सुई: इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे सुईतून वीज सोडून केसाचं मूळ मारायचं; १८७५ पासूनची पद्धत, एका वेळी एक केस.

(दृश्य: तारखांचं कार्ड)

लेझर वाढीच्या अवस्थेतल्या केसांवरच नीट चालतो आणि सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात. म्हणून चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांचं अंतर, पायांसाठी सहा ते आठ, आणि एकूण सहा-आठ सिटिंग. त्यानंतर केस कायमचे कमी होतात, संपत नाहीत. हनुवटीवरच्या केसांसोबत पाळी अनियमित असेल, तर आधी पीसीओडीची (अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी करायची. हार्मोन बिघडलेलेच राहिले, तर नवे केस येत राहतात आणि अधूनमधून पुन्हा सिटिंग घ्यावं लागतं.