पाण्याखाली जाणारा पूल

श्रोतेहो, नमस्कार. आज जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावर जाऊ. ओबिहिरो शहरातून निघून डोंगरातल्या तोकाची-मित्सुमातापर्यंत ७८ किलोमीटर जाणारी शिहोरो लाईन तिथे होती. १९२५ मध्ये सुरू झालेला हा मार्ग १९३९ साली शेवटच्या स्टेशनाला पोचला. माणसांची ने-आण व्हायचीच, पण एवढ्या रानात रूळ नेले ते मुख्यतः लाकडासाठी.

वाटेत नद्या फार. लोखंडी पूल महागात पडले असते, आणि वाळू-खडी तर नदीच्या पात्रातच होती. म्हणून काँक्रीटच्या कमानी बांधल्या. त्यांतला ताउशुबेत्सु नदीवरचा पूल १९३७ चा, ११ कमानींचा, १३० मीटर लांब. त्याच्या नशिबी जेमतेम अठरा वर्षं आली. याच मार्गावरच्या नुकाबिराला धरण होऊ लागलं, पूल त्याच्या जलाशयात जाणार होता, तेव्हा १९५५ मध्ये रूळ दुसऱ्या काठाने वळवले आणि पूल होता तिथेच सोडून दिला.

१९५४ च्या मोठ्या वादळात इथली जंगलं आडवी झाली. पडलेली झाडं उचलायला माणसं आली, काही वर्षं मित्सुमाता गजबजलं. लाकूड संपलं, उरलेलं ट्रकने जाऊ लागलं आणि वस्ती पांगली. डिसेंबर १९७८ पासून नुकाबिराच्या पुढे रेल्वेऐवजी बस धावू लागली. गंमत पाहा, कागदोपत्री मात्र तो टप्पा चालूच होता! आठ वर्षं गाडीविना चालू. सरकारी दप्तराचा हा नमुना आपल्याला काही अनोळखी वाटू नये. शेवटी २३ मार्च १९८७ ला सगळाच मार्ग बंद झाला आणि १ एप्रिलला राष्ट्रीय रेल्वेचं खासगीकरण झालं.

बाकीचे बरेच पूल स्थानिक लोकांच्या धडपडीमुळे वाचले. ताउशुबेत्सुचं तसं नाही. हिवाळ्यात वीजनिर्मितीसाठी जलाशय उपसला जातो तेव्हा तो बर्फातून वर येतो, आणि उन्हाळ्यापासून पुन्हा बुडू लागतो. काँक्रीटमध्ये मुरलेलं पाणी गोठून फुगतं, तडे जातात, आतला दगडगोट्यांचा भराव बाहेर सांडतो. दुरुस्ती करायची तर खर्च अफाट, म्हणून त्याला त्याच्या गतीने ढासळू दिलं आहे. मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो.

पाहायला जाणार असाल तर एक सांगतो. पुलापर्यंतच्या जंगलवाटेवर खासगी गाडीला परवानगीशिवाय मज्जाव आहे. वाटाड्यासोबतची सहल घ्यावी, नाहीतर समोरच्या काठावरच्या निरीक्षणस्थळावरून बघावं. दुर्बीण जवळ असू द्या.