कबूल की नाकबूल?

[तालुक्याच्या कोर्टाचा व्हरांडा. सकाळचे साडेदहा.]

कोर्ट बसायला अजून अर्धा तास आहे. बाकावर एक आई बसलीय. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. २५ हजारांच्या मोबाइलच्या चोरीत मुलगा चार महिने आत आहे. आज त्याला तुरुंगातून आणतील आणि विचारतील : गुन्हा कबूल आहे का?

"वकीलसाहेब, कबूल केलं की सोडतात म्हणे."

गेल्या तारखेला याच बाकावर तिला हे कुणीतरी सांगितलं. सल्ला अगदीच खोटा नाही, अडचण तीच आहे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी भोगली तेवढी कैद पुरे म्हटलं, तर पोरगं संध्याकाळी घरी. लढायचं तर जामीन हवा. आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला जामीन कोण राहणार?

वकील उत्तर देत नाहीत, फाइल उघडतात.

[जवळून : जप्ती पंचनाम्याचं पान.]

'तू चोरी केलीस का' हा प्रश्न त्यांचा पहिला नसतो. आधी कागद. फिर्यादीतला आयएमईआय, म्हणजे मोबाइलचा ओळख क्रमांक, आणि जप्त मोबाइलचा क्रमांक एकच आहे का? पंच कोण? पोलीस ठाण्यासमोरचा टपरीवालाच दर पंचनाम्यावर सही करतो, असं तर नाही? उद्या तो फुटला, तर केसमध्ये उरतं काय?

कागद कच्चे असतील, तर वकील लढ म्हणतात. कारण एकदा कबुली दिली की अपिलात फार तर शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली, एवढंच भांडता येतं. मी दोषी नव्हतो, हे सांगायची जागा उरत नाही. पुढे वॉचमनच्या नोकरीलाही चारित्र्य पडताळणी लागते. तिथे शिक्षा दिसते. आईला भेटायची घाई होती, हे दिसत नाही.

कागद पक्के असतील, तर प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची तडजोड. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी ही सोय २००६ पासून आहे. स्त्रियांवरचे आणि १४ वर्षांखालच्या मुलांवरचे गुन्हे मात्र वगळलेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे फौजदारी खटले चालवायच्या कायद्यानुसार, दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. न्यायाधीश आरोपीला एकट्याला आत बोलावून विचारतात, स्वखुशीने करतोयस ना? मग फिर्यादीशी बोलणी. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पहिलाच गुन्हा असेल तर न्यायालय ती एक षष्ठांशावर, म्हणजे सहा महिन्यांवर आणू शकतं. चार झाले. उरलेले आई बोटांवर मोजते.

कबुली आली म्हणून न्यायालय तिथेच थांबतं, असंही नाही. २० जुलै २००९ ला आर्थर रोडच्या विशेष न्यायालयात अजमल कसाबने मध्येच उठून गुन्हा कबूल केला. त्याचे वकील अब्बास काझमी यांनाही कल्पना नव्हती. न्यायाधीश ताहलियानी यांनी जबाब नोंदवून घेतला, आणि खटला पुढे चालवला. निकाल लागला ३ मे २०१० ला.

[पुकारा ऐकू येतो.]

मुलगा पिंजऱ्याजवळ उभा राहतो. छापील कागदावर प्रश्न आहे, खाली उत्तराची जागा कोरी. तो वळून वकिलांकडे बघतो. वकील फाइलमध्ये बघतात. सांगायचं ते व्हरांड्यात सांगून झालंय, उत्तर त्यालाच द्यायचंय.

"नाही साहेब. कबूल नाही."

पुढची तारीख पडते. डबा तसाच पिशवीत.