मामांचा ठिपका

नमस्कार, श्रोतेहो. कुकर लावला असेल तर तिसऱ्या शिट्टीपर्यंत ऐका.

आज आपल्या ठाण्याच्या एका चित्रकाराबद्दल. सुधीर पटवर्धन. जन्म १९४९ चा, पुण्याचा. १९७५ पासून तीस वर्षं ते ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. डॉक्टरकी सांभाळून चित्रं काढायचे. लोकल, इराण्याचं हॉटेल, आपल्या ठाण्यातलं पोखरण, उल्हासनगर, सगळं त्यांच्या कॅनव्हासवर आलं. नाव परत सांगते, पटवर्धन.

त्यांचं २००१ सालचं एक चित्र आहे, ‘लोअर परळ’. ते मी आमच्या मामांना दाखवलं होतं. मामा साताऱ्याकडचे, परळला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली आणि मामा इथे ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये वॉचमन म्हणून लागले. किसननगरात राहिले ते कायमचे.

तर एका मैत्रिणीकडून पटवर्धनांच्या चित्रांचं पुस्तक आणलं होतं. जाड, महागाचं, गुळगुळीत कागदाचं. मामांपुढे उघडून ठेवलं. मामांनी चष्मा पुसला. पुस्तक आडवं केलं, मग उलटं केलं. म्हटलं, “मामा, सरळच होतं की!” तर म्हणाले, “थांब गं. हे वरनं काढलंय. मी रोज खालनं जायचो.”

मग त्यांचं बोट फिरायला लागलं. जुन्या छपरांवरून मागच्या टॉवरपर्यंत, टॉवरवरून परत छपरांवर. चहावर साय धरली. मामी दोनदा डोकावून गेली. आणि एकदम, “ही बघ आमची चाळ!” मी हात धरायच्या आत खिशातलं बॉलपेन काढून त्यांनी तिथे ठिपका दिला.

मी ओरडलेच. मामा शांत. “खूण नको व्हय? पुन्यांदा कशी सापडंल?”

टॉवरवरून आठवलं, ही आजकालची टॉवरची नावं! राहणाऱ्याला लिहिता येत नाहीत, रिक्षावाल्याला कळत नाहीत. शेवटी बंद पडलेल्या कंपनीचंच नाव सांगून उतरावं लागतं. असो.

पटवर्धनांची चित्रं कुठे लागली तर जरूर बघा. पेन घरी ठेवा.

पुस्तक मी गुपचूप परत केलं. मैत्रीण आत्ता ऐकत असेल, तर बाई गं, तो छपाईचा दोष नाही.